मोजका शिधा, भरले ताट

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित महिला मेळाव्यातील व्याख्यान)



लोणार हे नावच लवणाशी नाते सांगणारे. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात घडलेले येथील सरोवर जगभरच्या अभ्यासकांना ओढून आणते. २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा मानही मिळाला. परंतु त्या विस्तीर्ण खाऱ्या पाण्यातील एक ओंजळही गृहिणीच्या हंड्यात चालत नाही. माणसांची तहान भागवली ती काठावरून वाहणाऱ्या गोड्या पाण्याच्या धारेने. घरात किती आहे, यापेक्षा त्यातले कामी किती येते हे महत्त्वाचे, हा धडा या गावाला निसर्गानेच दिला आहे. स्वयंपाकघराचा कारभारही याच न्यायाने चालतो. मिळकत थोडी, महागाई जास्त आणि ताटावर बसणारी माणसे पाच-सहा, अशा घरात मोजक्या शिध्यातून सर्वांचे पोट भरणे ही साधी गोष्ट नव्हे. ते एक शास्त्र आहे. जैन गृहिणीने ते पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. त्या शास्त्राची उजळणी आणि त्यात राहून गेलेल्या एका उणिवेचा विचार, असा या व्याख्यानाचा दुहेरी हेतू आहे.

दुष्काळाने दिलेली शिकवण

समाजातील ज्येष्ठांना १९७२ चा दुष्काळ विसरता येणार नाही. लागोपाठ पाऊस रुसला, विहिरी आटल्या, आणि हातात पाटी-फावडे घेऊन माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना त्याच काळात आकाराला आली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जाई. शिधावाटप दुकानात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळे. 'मिलो' या नावाने ती घरोघर ठाऊक झाली. तिची भाकरी ज्यांनी खाल्ली, त्यांना तिची चव आजही आठवते.

त्या दिवसांत चुलीपुढे बसलेल्या बाईने केलेल्या युक्त्या कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकात आल्या नाहीत. भाकरी उरली तर ती ताकात मोडायची, ज्वारीच्या कण्या शिजवून त्यांचे जेवण करायचे, अंबाडीचा पाला डाळीत घालून डाळ पुरवायची. आणि तरीही कमी पडले, तर "आज माझे व्रत आहे" असे सांगून स्वतःचे पान मांडायचेच नाही. त्या व्रतांची तिथी कोणत्याही पंचांगात नव्हती. घरातील मुलांनी ती खरी मानली. मोठ्यांना खरे काय ते कळत होते, तरी कोणी काही बोलले नाही. काटकसरीचे कौतुक करताना समाजाने ही बाजू नजरेआड करता कामा नये.

शेतातले धान्य दुकानात गेले

दुष्काळ सरला, परंतु पुढील काळात आणखी एक बदल हळूहळू घडला. बुलढाणा जिल्ह्याच्या शिवारात पूर्वी ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा ही पिके असत. सालदाराला व मजुराला मोबदल्यात धान्य मिळे, आणि घराघरांतून वर्षाची ज्वारी साठवलेली असे. १९९० नंतर सोयाबीनने हे शिवार व्यापत नेले आणि ज्वारीचा पेरा घटला. सोयाबीन बाजारात जाते, घरच्या कणगीत येत नाही. त्यामुळे जे धान्य घरात होते तेच आता रोख पैसे मोजून आणावे लागते. पूर्वी अडचणीच्या महिन्यातही जात्यात घालायला मूठभर काही असे. आता खिसा रिकामा झाला की डबाही रिकामा होतो.

व्यापारी समाज म्हणजे सुखवस्तू समाज, असा एक समज आहे. वस्तुतः गावोगावच्या जैन कुटुंबांत दुसऱ्याच्या दुकानात दिवाणजी म्हणून बसणारे आहेत, फेरीवर कापड विकणारे आहेत, घरी पापड-लोणची करून देणाऱ्या विधवा भगिनी आहेत. २०२० च्या टाळेबंदीत दुकानांची दारे बंद झाली, तेव्हा अशा घरांची अवस्था सर्वांत अवघड झाली. मदतीच्या रांगेत उभे राहण्याचा संकोच, आणि डब्यात चार दिवसांचे पीठ! शासनाची व्यवस्थाही सर्वांपर्यंत पोहोचतेच असे नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले आहे. परंतु ज्यांचे नाव त्या यादीत नाही, त्यांना सारा शिधा विकतच घ्यावा लागतो.

जैन स्वयंपाकघराची मर्यादा आणि सामर्थ्य

गरिबाच्या स्वयंपाकाला स्वस्तात भर घालणारे दोन पदार्थ म्हणजे बटाटा आणि कांदा. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात ते दोन्ही नाहीत. अष्टमी-चतुर्दशीला अनेक घरांत हिरवी भाजीही होत नाही, आणि चातुर्मासात पालेभाजी बंद असते. वरवर पाहता हे निर्बंध खर्च वाढवणारे वाटतील. प्रत्यक्षात त्यांनीच एक समृद्ध पाकपरंपरा घडवली. हिरवी भाजी नसेल त्या दिवशी बेसनाचे गट्टे, पापडाची भाजी, मुगवड्या, दाणामेथी, कढी यांनी ताट सजते. बटाट्याची जागा कच्चे केळे घेते. हिंग, जिरे आणि आमचूर यांनी चव येते. ज्या घरांत कच्च्या दह्या-ताकासह द्विदल चालत नाही, तेथे ताक आधी चांगले तापवून मगच त्यात बेसन घालण्याची रीत आहे. म्हणजे नियमही पाळला जातो आणि कढीही होते.

दुसरा नियम रात्र उलटलेले, शिळे अन्न न खाण्याचा. या नियमाने गृहिणीला मापाची शिस्त लावली. उद्यासाठी उरवता येत नाही, म्हणून आज मोजूनच शिजवावे लागते. आणि पोळी उरलीच, तर ती त्याच दिवशी तव्यावर दाबून, खरपूस भाजून तिचा खाकरा केला जातो. उरलेल्या पोळीला इतका सन्मान क्वचितच कोठे मिळत असेल. जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिण्याची प्रथा तर सर्वश्रुत आहे. तिच्यामागे जीवदयेचा विचार आहे, आणि अन्नाचा कणही वाया न घालवण्याचा संस्कारही आहे.

पाण्याने नव्हे, भोपळ्याने

अन्न पुरवण्याचे दोन मार्ग असतात. एक, त्यात पाणी वाढवणे आणि दुसरा, त्यात अन्नच वाढवणे. पहिल्या मार्गाने वाटी भरते, पोट भरत नाही. म्हणून डाळ वाढवायची ती पाण्याने नव्हे, भोपळ्याने. एक वाटी तुरीच्या डाळीत पाव-अर्धा किलो लाल भोपळा, दुधी किंवा शेवग्याच्या शेंगा घातल्या, तर तीच आमटी पाच जणांना पुरते आणि दाटही राहते. अख्खा लाल भोपळा न कापता ठेवला तर कित्येक आठवडे टिकतो, हा त्याचा आणखी एक गुण.

वरणफळे हा तर अशा दिवसांचा राजाच. अर्धा किलो कणीक आणि पाव किलो डाळ घेतली की पाच माणसांचे पूर्ण जेवण एका पातेल्यात होते. वेगळी भाजी लागत नाही आणि गॅसही वाचतो. शंभर-सव्वाशे ग्रॅम बेसनाचे पिठले पाच जणांच्या भाकरीला पुरते. वऱ्हाडातील गोळाभात बेसनाच्या गोळ्यांनी साध्या भाताला भारदस्त करतो. जवसाची, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी डब्यात असली, तर भाजी कमी पडली तरी जेवण कोरडे होत नाही. उन्हाळ्यात घातलेल्या खारोड्या मूठभर शेंगदाण्यांबरोबर दिल्या, की शाळेतून आलेल्या मुलाची मधली भूक भागते आणि दुकानातील पाकिटाचा खर्च टळतो.

या सर्वांत शहाणपणाचा पदार्थ म्हणजे कळण्याची भाकरी. साधारण चार वाटे ज्वारी आणि एक वाटा अख्खे उडीद मिठासह एकत्र दळून ही भाकरी करतात. आधुनिक आहारशास्त्र सांगते, की धान्यातील प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि ते डाळीत भरपूर असते. डाळीत जे कमी असते ते धान्यात असते. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून निघते. ज्यांनी कळणा प्रथम दळला त्या बायांना ही परिभाषा ठाऊक नव्हती, पण प्रमाण मात्र अचूक होते.

सातारा जिल्ह्यात जन्मलेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाची धुरा वाहिलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनीही अशाच आशयाचे प्रतिपादन केले होते. डाळ-भाकरीसारखा आहार पोटभर मिळाला, तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातून भागते. खरा तुटवडा बहुधा पोटभर अन्नाचाच असतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. सामान्य कुटुंबाला याचा अर्थ फार दिलासा देणारा आहे. महागडी पौष्टिक पावडर नसली तरी चालेल. भाकरी आणि डाळ मात्र प्रत्येकाच्या वाट्याला पुरेशी आली पाहिजे.

रुपयांआधी किलोंचा हिशेब

भाव दर महिन्याला बदलतात, म्हणून अंदाजपत्रक रुपयांत मांडण्याआधी किलोंत मांडावे. पाच जणांचे कुटुंब धरले आणि माणशी दिवसाला सरासरी ३०० ग्रॅम धान्य धरले, तर महिन्याला ४५ किलो लागते. प्राधान्य शिधापत्रिका असल्यास त्यातील २५ किलो मिळतात आणि २० किलो विकत आणावे लागतात. डाळी व कडधान्ये माणशी ७० ग्रॅम धरल्यास महिन्याला साधारण साडेदहा किलो होतात. प्रत्यक्षात काटकसरीच्या घरात डाळ पाच-सहा किलोंवर आटोपते, कारण डाळीचा भाव जाचतो.

आता त्याच यादीतील तेल आणि साखर पाहावी. माणशी दिवसाला २५ ग्रॅम तेल पुरेसे धरले, तर पाच जणांना महिन्याला पावणेचार किलो तेल लागेल. अनेक घरांत ते सहा किलोंपर्यंत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असणे हितकर. या मापाने पाच जणांची महिन्याची साखर पावणेचार किलोंच्या वर जाऊ नये. चहा-सरबतात ती सहज पाच-सहा किलो होते. तळणीचे दोन किलो तेल आणि दीड-दोन किलो साखर वाचली, तर त्या पैशांत दोन-तीन किलो डाळ येऊ शकते. एकूण खर्च तोच राहतो आणि ताटात मात्र मोठा फरक पडतो. काटकसरीची कात्री चालवायची ती येथे. डाळीवर आणि ताकावर ती चालवू नये. शाकाहारी माणसाला बी-१२ हे जीवनसत्त्व मुख्यत्वे दुधापासून आणि दुधाच्या पदार्थांपासूनच मिळते, हेही ध्यानात ठेवावे.

डाळ तासभर आणि अख्खी कडधान्ये सकाळी भिजवून त्याच दिवशी शिजवली, तर इंधनाची मोठी बचत होते. मोड आलेले धान्य ज्यांना चालत नाही, त्यांनाही भिजवण्याचा हा लाभ घेता येतो.

साठवणुकीचेही शास्त्र आहे. तूर जानेवारी-फेब्रुवारीत, हरभरा व गहू मार्च-एप्रिलच्या सुमारास बाजारात येतो. त्या वेळी घेतलेले धान्य बहुधा स्वस्त पडते. ते कडक उन्हात वाळवावे, निवडावे, डाळीला व गव्हाला एरंडेलाचा हात फिरवून कोरड्या डब्यात भरावे. कीड होऊच न देणे हीच खरी अहिंसा, आणि तीच खरी बचत. धान्यात घालण्याच्या सल्फासच्या गोळ्या मात्र घरात कधीही ठेवू नयेत. त्यातून निघणारा वायू प्राणघातक असतो. पिठाच्या बाबतीत परंपरेने ऋतूनुसार दिवसांची मर्यादा घातली आहे, आणि पावसाळ्यात ती सर्वांत कमी आहे. थोडे दळावे, ताजे वापरावे, हा तिचा आशय आजही शास्त्राला धरून आहे.

शेवटचे ताट

इतका सारा हिशेब करूनही एक ताट बऱ्याच घरांत हिशेबाबाहेर राहते. ते सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईचे ताट. पातेल्याच्या तळाशी उरलेली आमटी, एखादी भाकरी, चटणी आणि वर चहा, हे तिचे जेवण. सर्वांना पुरले, असे समाधानाने म्हटले जाते. परंतु जे पुरले ते तिच्या वाट्यातून पुरले, हे कोणी मोजत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. दोन स्त्रियांमागे एकीहून अधिक! त्याची कारणे अनेक असली, तरी शेवटच्या ताटातील उणीव हे त्यांपैकी एक आहे, हे नाकारता येणार नाही.

येथे कोणी म्हणेल, की कमी जेवणे हे तर तपच आहे. ऊनोदरी हे बाह्य तपांपैकी एक आहे, हे खरे. परंतु शास्त्रकारांनी त्याचे मापही सांगितले आहे. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवळांचा आणि स्त्रीचा २८ कवळांचा मानला, आणि त्याहून स्वेच्छेने कमी घेणे म्हणजे ऊनोदरी. म्हणजेच आधी पूर्ण आहार समोर असला पाहिजे. जिच्या पुढ्यात २८ कवळ कधी आलेच नाहीत, तिच्या उपाशीपणाला तप म्हणता येणार नाही. तपात इच्छा असते, सामर्थ्य असते, आनंद असतो. टंचाईत यांपैकी काहीच नसते. घरातील उणीव व्रताच्या नावाखाली झाकली गेली, तर अन्याय त्या बाईवर होतो आणि त्या व्रतावरही होतो. गर्भवती, स्तनदा माता आणि वाढत्या वयाच्या मुली यांच्या बाबतीत तर ही चूक पुढच्या पिढीपर्यंत जाते.

उपाय साधा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. स्वयंपाक झाला की वाढण्याआधी सर्वांचे वाटे करावेत, आणि शेवटी बसणारीचा वाटा सर्वांत आधी झाकून ठेवावा. तिच्या ताटात डाळीची वाटी इतरांइतकीच असावी, आणि जेवताना लिंबाची फोड असावी. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास ते कमी होते. शक्य असेल तेथे सासूबाई, सूनबाई आणि लेकींनी पुरुषांबरोबरच पानावर बसावे. सर्व जण एका वेळी जेवायला बसले, की काय कमी पडले ते सर्वांनाच दिसते. मग ती उणीव एकटीची राहत नाही, साऱ्या घराची होते; आणि घर त्यावर मार्ग काढते.

संस्थेचे कर्तव्य

जे घरात, तेच समाजात. स्वामीवात्सल्याच्या पंगतीत वीस-पंचवीस पदार्थ होतात आणि त्यातील कितीतरी पानात टाकले जातात. त्याच रात्री चार घरे पलीकडे एखादी भगिनी उद्याच्या पिठाची चिंता करीत असते. पंगतीतील चार पदार्थ कमी केल्याने कोणाचीही शान कमी होत नाही. त्या चार पदार्थांच्या खर्चातून काय उभे राहू शकते, याचा विचार सुवर्णमहोत्सवी वर्षात अवश्य व्हावा.

हंगामात धान्य स्वस्त असते, परंतु वर्षाचे धान्य एकदम भरण्यासाठी लागणारी रक्कम अल्प मिळकतीच्या घरात नसते. म्हणून गरीब माणूस तेच धान्य किरकोळीने, महाग घेतो. ही कोंडी संस्था फोडू शकते. तूर, हरभरा, गहू हंगामात एकगठ्ठा घ्यावा, आणि भगिनींनी महिन्याला थोडी थोडी रक्कम भरून आपला वाटा खरेदीच्या भावाने उचलावा, अशी 'धान्य भिशी' सुरू करता येईल. हे दान नव्हे, भागीदारी आहे. तीत कोणाला मान खाली घालावी लागत नाही. ज्यांना तेवढेही शक्य नाही, त्यांच्यापर्यंत साधर्मिक भक्तीची मदत नावाची पाटी न लावता, छायाचित्र न काढता पोहोचावी. शिधापत्रिकेचे अर्ज, नावांची दुरुस्ती, आधार जोडणी यांसाठी तरुण मंडळाने महिन्यातून एक दिवस दिला, तरी कित्येक घरांचा निम्मा शिधा सुटेल.

मंदिराचा कळस दुरून दिसतो, घरातील चूल दिसत नाही. म्हणून संस्थेच्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः महिला मंडळाने, वर्षातून एकदा तरी घरोघर जाऊन आस्थेने विचारपूस करावी. डबे उघडून पाहण्याची गरज नाही. घरातील बाई केव्हा जेवते, एवढे विचारले तरी पुरे. त्या एका उत्तरातून त्या घराची सारी परिस्थिती समजते.

मोजक्या शिध्यात भरले ताट वाढण्याची कला जैन गृहिणीला उत्तम अवगत आहे. आता त्या भरल्या ताटांच्या पंगतीत तिचेही ताट असावे, एवढीच प्रार्थना.